शहरातल्या मुक्कामासाठी कमी भाड्याच्या साध्या हॉटेलात खोली घेताना काय पाहावे?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात आईला घेऊन एका मोठ्या शहरात काही दिवस राहायला जाण्याचा विचार आहे. शहर आम्हा दोघींनाही अनोळखी आहे. दिवसभर हिंडायचे आणि रात्री पाठ टेकण्यापुरते खोलीवर यायचे, असा बेत असल्यामुळे मुक्कामावर फार पैसे घालवू नयेत, असे आम्हा दोघींचेही मत आहे. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मोठा दिवाणखाना यांपैकी कशाचीही आम्हाला गरज नाही. मात्र आईचे वय सत्तरीच्या पुढे आहे, तिचे गुडघे दुखतात आणि तिची झोप अतिशय सावध आहे. त्यामुळे रात्र कशीबशी काढू, असे म्हणून भागणार नाही.

अडचण अशी, की कमी भाड्याच्या हॉटेलांची छायाचित्रे पाहिली तर सगळ्याच खोल्या टापटीप दिसतात, आणि अभिप्राय वाचावेत तर एकाच हॉटेलाला एक जण डोक्यावर घेतो नि दुसरा त्यात पाऊलही टाकू नका म्हणून सांगतो. खोली ठरवताना नेमके काय विचारावे, पोहोचल्यावर काय तपासावे, आणि कोणती गैरसोय सोसावी व कोणती मुळीच सोसू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार मदत होईल.

पायवाट

वाटसरू, खोलीचे भाडे कमी दिसले की ते कशामुळे कमी आहे, हे आधी शोधावे असे मी म्हणेन. हॉटेल चालवणारा कोठे तरी काटकसर करतोच. ती कोठे केली आहे, यावर सगळे अवलंबून असते. जपानमध्ये ओसाका येथे १९७९ साली पहिले कॅप्सूल हॉटेल उघडले, त्यात खोलीच काढून टाकून माणसाला झोपण्यापुरता कप्पा दिला गेला. फ्रान्समध्ये १९८५ साली सुरू झालेल्या फॉर्म्युल १ या साखळीने खोलीत पलंग आणि बेसिन ठेवले, पण संडास व न्हाणीघर मजल्यावरच्या सगळ्यांसाठी सामाईक केले. ही प्रामाणिक काटकसर झाली, कारण काय मिळणार आणि काय नाही हे पाहुण्याला आधीच ठाऊक असते. खोली लहान आहे, खिडकीतून भिंत दिसते, न्याहारी नाही, सामान स्वतः वर न्यावे लागते, अशा गोष्टी मी आनंदाने चालवून घेतो. काटकसर स्वच्छतेत, कुलपात किंवा डागडुजीत केलेली असेल, तर ते भाडे कितीही कमी असले तरी मला महागच वाटते.

अभिप्राय वाचताना सर्वांत गोड आणि सर्वांत कडू असे दोन्ही बाजूला ठेवून मधले वाचावेत, कारण ते लिहिणाऱ्याने खोलीचे वर्णन केलेले असते. इतरांनी बहुधा आपल्या मनःस्थितीचे केलेले असते. गेल्या काही महिन्यांतलेच पाहावेत, कारण व्यवस्थापन बदलले की वर्षापूर्वीचे हॉटेल आणि आजचे हॉटेल यांत नावापलीकडे काहीच समान उरत नाही. एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल, तर ती खरी धरावी. पाहुण्यांनी काढलेली न्हाणीघराची छायाचित्रे अवश्य पाहावीत. पलंगावर नवी चादर घालून खोली सजवता येते, पण फरशीच्या सांध्यांत बसलेला काळपटपणा आणि छतावरची ओल लपवता येत नाही.

त्यानंतर हॉटेलात स्वतः फोन करावा. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात म्हणून एक गोष्ट विशेष सांगतो. 'लिफ्ट आहे का?' एवढेच विचारू नये. होकार मिळतो आणि तिथे गेल्यावर कळते, की लिफ्टपर्यंत पोहोचायलाच अर्धा जिना चढावा लागतो, किंवा लिफ्ट खालच्या काही मजल्यांपुरतीच आहे. 'रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील?' असा प्रश्न विचारला, तर सांगणाऱ्याला मोजून उत्तर द्यावे लागते. कमोडची बैठक, आधाराला धरण्याची दांडी आणि न्हाणीघराचा उंबरा यांविषयीही असेच स्पष्ट विचारावे. खिडकी बाहेर उघडते की आतल्या बोळात, गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळी, सांगितलेल्या भाड्यात कर धरले आहेत की नाहीत, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्यावे.

ठिकाणाबाबत माझे मत ठाम आहे. दुपारी तासभर खोलीवर येऊन आडवे होता येईल इतके हॉटेल जवळ असले, तर वयस्क माणसाचा पुढचा अर्धा दिवस सुखाचा जातो. शहराच्या टोकाला अधिक चांगली खोली त्याच भाड्यात मिळत असली, तरी तिथून येण्याजाण्याचा खर्च आणि शीण मिळवून पाहिल्यास ती क्वचितच परवडते.

रात्रपाळी

मी काही वर्षे अशाच एका साध्या हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळीला होतो, म्हणून आतल्या बाजूने थोडे लिहितो.

पाहुणे तक्रार कधी करतात, यावर ती किती सुटणार हे ठरते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक जण रात्रभर सगळे सोसतात आणि सकाळी खोली सोडताना सांगतात, की एसीतून पाणी गळत होते, शेजारच्या खोलीत गोंधळ चालला होता, गादी मधोमध खचलेली होती. त्या क्षणी काउंटरवरच्या माणसाच्या हातात दिलगिरी व्यक्त करण्यापलीकडे काहीच नसते; फार तर भाड्यात थोडी सूट मिळवून देण्यासाठी तो मालकाकडे शब्द टाकू शकतो. तीच तक्रार संध्याकाळी, दोन-चार खोल्या अजून रिकाम्या असताना आली, तर किल्ली बदलून द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत. रात्री उशिरा सगळ्या खोल्या भरल्या, की इच्छा असूनही काही करता येत नाही. म्हणून पोहोचल्यावर पिशवी उघडण्याआधी खोली तपासावी. सामान पसरले, अंघोळ झाली, अंथरुणावर अंग टाकले, की खोली बदलण्याचा उत्साह पाहुण्याला राहत नाही, आणि वापरलेली खोली पुन्हा आवरावी लागणार म्हणून कर्मचारीही नाखूश होतात.

कमी भाडे दिले आहे म्हणून मागणी करायला संकोच वाटतो, असे मी अनेकांच्या, विशेषतः ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. स्वच्छ चादर, चालू नळ, नीट लागणारी कडी आणि रात्रीची शांतता या गोष्टी त्या भाड्यात धरलेल्याच असतात. त्या मागताना कोणीही संकोच करू नये, हे मी मनापासून सांगतो.

खोली मागतानाही थोडा विचार करावा. लिफ्टला लागून असलेली, जिन्याच्या तोंडाशी असलेली, चादरी-टॉवेल ठेवण्याच्या कोठीशेजारची आणि मुख्य दाराच्या बरोबर वरची, अशा खोल्यांत रात्रभर आवाज पोहोचत राहतो. इमारतीच्या वरच्या टोकाच्या खोलीवर पाण्याची टाकी असेल, तर पहाटे पंप सुरू झाल्यावर भिंत थरथरते. 'आईची झोप सावध आहे, मधल्या मजल्यावरची, रस्त्याच्या मागच्या बाजूची खोली मिळेल का?' असे आदल्या दिवशी फोनवर आणि पोहोचल्यावर पुन्हा एकदा नम्रपणे विचारले, तर काउंटरवरचा माणूस बहुधा नाही म्हणत नाही. खोल्यांचे वाटप सकाळीच मनातल्या मनात झालेले असते, त्यामुळे आदल्या दिवशीच्या फोनला महत्त्व आहे.

पोहोचायला रात्र होणार असेल, तर तसे कळवून ठेवावे. आरक्षण असूनही उशिरापर्यंत न आलेल्या पाहुण्याची खोली दुसऱ्याला दिली जाते, असे सर्रास घडते. अनामत रक्कम दिली तर तिची वेगळी पावती घ्यावी, आणि खोलीत आधीपासून काही तुटलेले, डागाळलेले असेल तर लगेच त्याचे छायाचित्र काढून काउंटरवर दाखवून ठेवावे.

सूक्ष्मदर्शी

रात्रपाळी यांनी पिशवी उघडण्याआधी खोली तपासा असे लिहिले आहे. त्यामागे ढेकूण हेही एक मोठे कारण आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

खोलीत शिरल्यावर पिशव्या पलंगावर किंवा गालिच्यावर ठेवू नयेत. तपासणी होईपर्यंत त्या न्हाणीघरात, फरशीवर ठेवाव्यात. मग मोबाइलचा दिवा लावून उशाकडच्या कोपऱ्यातली चादर वर उचलावी आणि गादीच्या कडेने जी जाड शिवण फिरलेली असते, ती अंगठ्याने थोडी दुमडून पाहावी. ढेकूण तिथे असतील तर शिवणीच्या घडीत शाईचा बारीक ठिपका कापडात फुटावा तसे काळे डाग दिसतात; ती त्यांची विष्ठा असते आणि ओल्या कापडाने पुसली तर तांबूस-तपकिरी पसरते. त्यासोबत पिवळसर, पारदर्शक, पोकळ टरफले दिसतात, कारण पूर्ण वाढ होण्याआधी हा कीटक पाच वेळा कात टाकतो. अंडी पांढरी आणि जेमतेम १ मिलिमीटर लांबीची असतात, त्यामुळे ती सहज दिसत नाहीत. पूर्ण वाढलेला ढेकूण मात्र ५ ते ७ मिलिमीटरचा, चपटा, लालसर तपकिरी असतो आणि नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसतो. गादीनंतर पलंगाच्या उशाकडच्या फळीची मागची बाजू, लाकडाचे सांधे, स्क्रूची भोके आणि पलंगाशेजारच्या मेजाचा खण पाहावा. या सगळ्याला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

ढेकूण उडत नाही आणि उडी मारत नाही, तो चालतो आणि सामानातून प्रवास करतो. म्हणूनच तो अस्वच्छतेचा पुरावा मानू नये. जिथे रोज नवे सामान येते तिथे तो पोहोचतो, मग ते हॉटेल महाग असो वा स्वस्त. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या वापरामुळे अनेक देशांत तो जवळजवळ दिसेनासा झाला होता, परंतु कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या जाती टिकून राहिल्या आणि लोकांचा प्रवास वाढला, तसा गेल्या काही दशकांत तो जगभर परतला आहे. त्याच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. त्रास होतो तो खाजेचा, झोपमोडीचा आणि त्याहूनही जास्त म्हणजे तो घरी आला तर महिनोन्महिने चालणाऱ्या बंदोबस्ताचा. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताशिवाय अनेक महिने जगू शकतो, त्यामुळे पिशवी कपाटावर टाकून दिल्याने काही साधत नाही.

चाव्याची खूण काही जणांच्या अंगावर लगेच उठते, काहींना ती उठायला कित्येक दिवस लागतात आणि काहींच्या अंगावर उठतच नाही. तेव्हा सकाळी अंगावर काही दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. शंका असेल तर परतल्यावर कपडे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत, किंवा वाळवण्याच्या यंत्रात जास्तीत जास्त उष्णतेवर निदान अर्धा तास फिरवावेत, आणि रिकामी पिशवी शिवणींसकट झाडून काढावी.

उंबरठा

ढेकणाने झोप मोडते. ज्या गोष्टींनी जीव जाऊ शकतो, त्यांविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

अमेरिकेत अटलांटा येथील वाइनकॉफ हॉटेलला ७ डिसेंबर १९४६ रोजी आग लागली, तेव्हा ११९ माणसे मृत्युमुखी पडली. हॉटेल 'अग्निरोधक' म्हणून ओळखले जात होते, आणि इमारतीचा सांगाडा खरोखरच उभा राहिला. पण पंधरा मजल्यांना वर-खाली करायला जिना एकच होता आणि आग व धूर त्याच वाटेने वर चढले. आजही दाट वस्तीतल्या अनेक छोट्या हॉटेलांना जिना एकच असतो, किंवा दुसरा असला तरी त्यावर गाद्या नि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. त्यामुळे खोली घेतल्यावर सामान ठेवून लगेच बाहेर यावे आणि जिन्यापर्यंत स्वतः चालत जावे. वाटेत किती दारे लागतात ती भिंतीला हात लावून मोजावीत, कारण धुरात डोळ्यांना काही दिसत नाही आणि हातांवरच भिस्त ठेवावी लागते. बाहेर पडण्याचे दार उघडून पाहावे. त्याला कुलूप असेल, तर काउंटरवर जाऊन ते उघडायला सांगावे. उघडत नसतील तर त्या हॉटेलात राहू नये. इथे तडजोड करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. खिडकीला उघडता न येणारे गज असतील, तर जिन्याची वाट आणखी महत्त्वाची ठरते. आईंना लिफ्ट लागत असली तरी आगीत लिफ्ट वापरता येत नाही, हे ध्यानात घेऊन खालच्या मजल्यांपैकी एखादी खोली मागावी. रात्री खोलीची किल्ली, चष्मा आणि चपला हाताशी ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट न्हाणीघरातल्या गीझरची. तो विजेवर चालणारा असेल तर वायरीचे जोड उघडे नाहीत ना, एवढे पाहावे. गॅसवर चालणारा असेल आणि तो बंदिस्त न्हाणीघराच्या आतच बसवलेला असेल, तर ती खोली नाकारावी. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे लोक प्रवासाचा शीण समजून सोडून देतात. दार लावून अंघोळ करणारा माणूस बेशुद्ध पडला, तर बाहेर कोणाला कळतही नाही.

कडी-कुलपाबाबत थोडक्यात सांगतो. बाहेरच्या कुलपाखेरीज दाराला आतून वेगळी कडी किंवा बोल्ट हवाच, आणि तो दार ओढून पाहिल्यावर हलता कामा नये. खालच्या मजल्यावर खोली असेल तर खिडकीची खिटीही तपासावी.

पारिजात

आईंच्या झोपेसंबंधी एक उपयुक्त गोष्ट सांगते. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली असे दाखवले, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि वेगळा आवाज आला की त्याला लवकर प्रतिसाद देतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे पहिली रात्र अपुरी गेली तर तो दोष हॉटेलाचा किंवा आईंचा असेलच असे नाही, आणि थोडे भाडे वाचवण्यासाठी मुक्कामाच्या मध्ये हॉटेल बदलणे तुमच्या बाबतीत तोट्याचे ठरेल. पहिल्या दिवसानंतरची सकाळ मोकळी ठेवावी. कानात घालायचे बोळे आणि घरचा अभ्रा सोबत न्यावा. ओळखीच्या कापडाचा स्पर्श आणि वास यांनी माझ्या सासूबाईंना तरी बराच फरक पडतो.

सत्तरीच्या पुढच्या व्यक्तीसाठी पाण्याचीही थोडी काळजी घ्यावी. १९७६ साली फिलाडेल्फिया येथील एका नामांकित हॉटेलात भरलेल्या मेळाव्यानंतर अनेकांना गंभीर न्यूमोनिया झाला आणि पुढच्या वर्षी त्याला कारणीभूत असलेला लिजिओनेला हा जिवाणू सापडला. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या, साचून राहिलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून आत जातो. पन्नाशीच्या पुढचे लोक आणि धूम्रपान करणारे यांना धोका अधिक असतो. फार दिवस रिकामी राहिलेली खोली मिळण्याची शक्यता कमी गर्दीच्या हंगामात जास्त असते, म्हणून खोलीत गेल्यावर गरम आणि गार दोन्ही नळ काही मिनिटे सोडून ठेवावेत. शॉवरही सोडावा, पण त्या वेळी न्हाणीघराबाहेर थांबावे. पाणी खरोखर गरम येते की नाही, हेही त्याच वेळी कळते.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायऱ्यांचा प्रश्न आणि जिन्यापर्यंत चालत जाण्याची सूचना मला एरवी सुचलीच नसती. दोन हॉटेलांना फोन करून पाहिला. एकाने पायऱ्या मोजून सांगितल्या, दुसऱ्याने 'फार नाहीत' एवढेच म्हटले, त्यामुळे निवड आपोआप झाली. एक शंका उरली आहे. तपासताना ढेकणाच्या खुणा दिसल्याच, तर त्याच हॉटेलात दुसरी खोली घ्यावी की पैसे परत मागून बाहेर पडावे? आईसोबत संध्याकाळी नवे हॉटेल शोधत हिंडणे मला अवघड जाईल.

सूक्ष्मदर्शी

दुसरी खोली घ्यायला हरकत नाही, परंतु ती आधीच्या खोलीच्या शेजारची, समोरची, बरोबर वरची किंवा खालची नसावी. भिंतीतल्या फटी, विजेच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप यांच्या कडेने ढेकूण लगतच्या खोल्यांत सरकतात. शक्यतो वेगळ्या मजल्यावरची, इमारतीच्या दुसऱ्या टोकाची खोली मागावी आणि तिचीही तशीच तपासणी करावी. तिथेही खुणा दिसल्या, तर मात्र बाहेर पडावे.

रात्रपाळी

त्यात एवढीच भर घालतो, की खुणांचे छायाचित्र काढून काउंटरवर शांतपणे, इतर पाहुण्यांच्या कानावर न पडेल अशा आवाजात दाखवावे. त्या वेळी हॉटेलला बोभाटा नको असतो, त्यामुळे खोली किंवा पैसे यांपैकी एक बहुधा लगेच मिळते. आणि आईंना बरोबर घेऊन फिरावे लागू नये म्हणून संध्याकाळऐवजी दुपारी पोहोचेल अशी गाडी निवडावी. खोल्या त्या सुमारास नुकत्याच आवरून झालेल्या असतात, बऱ्याच रिकाम्या असतात, आणि दुसरीकडे जावे लागलेच तर त्यासाठी उजेड शिल्लक असतो. तुम्ही फोन केलेले दुसरे हॉटेल जवळपासच असेल, तर त्याचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.